बडोद्यात नोकरी शोधताना कंपन्यांच्या नजरेस ऑनलाइन कसे यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोदा आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात काम शोधणाऱ्या मराठी तरुण-तरुणींकडून, आणि पुष्कळदा त्यांच्या पालकांकडून, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली-मांजुसर आणि हालोल या भागांतल्या कामांची आहेत, कारण इथल्या बहुसंख्य मुलांचा शोध याच भागांत सुरू होतो. नोकरीच्या शोधातला मोठा वेळ अर्ज पाठवण्यात जातो. तो आपले काम योग्य शब्दांत आणि योग्य जागी मांडून ठेवण्यात जावा, असे आमचे ठाम मत आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच मताला धरून आहेत.

ढिगाने अर्ज पाठवूनही एकाही ठिकाणाहून उत्तर का येत नाही?

एका क्लिकवर अर्ज करण्याची सोय झाली तेव्हापासून अर्ज करणाऱ्याचे श्रम कमी झाले आणि वाचणाऱ्याचे वाढले. मनुष्यबळ विभागातली व्यक्ती आलेले सगळे अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. ती नोकरी डॉट कॉमच्या किंवा लिंक्डइनच्या शोधपेटीत दोन-चार शब्द घालते, शहर आणि अनुभवाची वर्षे निवडते आणि जी नावे वर येतात त्यांतल्या काहींना फोन लावते. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणालीतून जातात आणि तिथेही शब्दांवरच चाळणी होते. हे शब्द बहुधा एखाद्या यंत्राचे, सॉफ्टवेअरचे, चाचणीचे किंवा मानकाचे नाव असते. ‘मेहनती’, ‘जबाबदार’, ‘नवे शिकण्याची आवड’ असे शब्द शोधपेटीत कोणी घालत नाही, मग ते कितीही खरे असोत.

म्हणून पुढचा अर्ज पाठवण्याआधी एक काम करावे. आपल्याला हवी तशी नोकरी देऊ करणाऱ्या आठ-दहा जाहिराती एकत्र काढाव्यात, त्यांत पुन्हापुन्हा येणारे कामाचे शब्द कागदावर उतरवावेत आणि त्यांतले जे आपल्याला खरोखर येते ते आपल्या प्रोफाइलवर त्याच शब्दांत आहे का, ते तपासावे. जे येत नाही ते लिहू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. मात्र तीच दोन-तीन नावे प्रत्येक जाहिरातीत दिसत असतील, तर पुढे काय शिकायचे हे आपोआप कळते.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत काय लिहावे?

या एका ओळीकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेही होत नाही. तिथे २२० अक्षरे मावतात, पण शोधाच्या यादीत, विशेषतः मोबाइलवर, त्यांतली सुरुवातीचीच दिसतात. बहुतेक मुले तिथे ‘नोकरीच्या शोधात’ किंवा ‘इलेक्ट्रिकल अभियंता’ एवढेच लिहितात.

एक उदाहरण जवळून पाहू. विद्युत शाखेचा डिप्लोमा केलेला एक मुलगा मकरपुरा जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या कारखान्यात दोन वर्षे काम करतो. विचारले तर म्हणतो, ‘टेस्टिंगला आहे.’ आणखी खोदून विचारले की कळते, ११ केव्हीच्या वितरण ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या रूटीन चाचण्या तो स्वतः करतो: वाइंडिंगचा रोध, टर्न्स रेशिओ, इन्सुलेशन रेझिस्टन्स, नो-लोड लॉस, लोड लॉस. ग्राहकाचा निरीक्षक आला की चाचणी त्याच्यासमोर हाच करून दाखवतो आणि अहवालही हाच तयार करतो. यांतले एक अक्षरही त्याच्या प्रोफाइलवर नसते. त्याची ओळ अशी असायला हवी: ‘ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग इंजिनिअर, वितरण ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही, रूटीन चाचण्या आयएस ११८० प्रमाणे, ग्राहक-निरीक्षणाचा अनुभव, वडोदरा’. (आयएस ११८० हे वितरण ट्रान्सफॉर्मरचे भारतीय मानक.) ही ओळ इंग्रजीत लिहायची, कारण शोध इंग्रजीतच घेतला जातो. सावलीतली एखादी कंपनी ज्या दिवशी ‘ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग’ आणि ‘वडोदरा’ हे शब्द शोधपेटीत घालेल, त्या दिवशी या मुलाचे नाव वर येण्याची शक्यता निर्माण होते; आधी ती नव्हतीच.

शहराच्या नावाबद्दल एक सूचना. आपण घरी बडोदा म्हणतो, पण प्रोफाइलवर ‘वडोदरा’ हेच अधिकृत नाव निवडावे, कारण शहराची चाळणी त्याच नावाने लागते.

बायोडेटा आकर्षक दिसण्यासाठी रंगीत आराखडा वापरावा का?

वापरू नये. दोन स्तंभ, चौकटी, कौशल्यांपुढे भरलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्या आणि चित्रात बसवलेला मजकूर पुष्कळ संगणकप्रणालींना नीट वाचता येत नाही. एक स्तंभ, साधा टंक, निवडून कॉपी करता येईल असा मजकूर असलेली पीडीएफ आणि फाइलच्या नावात स्वतःचे नाव व पद, एवढे पुरते. दृश्यकलेच्या क्षेत्रातल्यांनीही सौंदर्यदृष्टी कामाच्या नमुन्यांत दाखवावी आणि बायोडेटा साधाच ठेवावा.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल रोज अपडेट केल्याने फायदा होतो का?

काही प्रमाणात होतो, कारण अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार वेगळे काढण्याची सोय कंपन्यांना असते. पण एक पूर्णविराम काढून पुन्हा घालण्यापेक्षा दर आठवड्याला एखादी खरी भर घालावी: पूर्ण केलेला अभ्यासक्रम, नवे यंत्र हाताळल्याची नोंद, बदललेला नोटीस पिरियड.

माझ्याकडे अनुभवच नाही. मग ऑनलाइन दाखवू काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. अनुभव म्हणजे पगाराच्या नोकरीतला अनुभव, असे धरले की हात रिकामे वाटतात. ‘मी हे केले, हे बघा’ असे म्हणता येण्याजोगी गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येकाकडे असते किंवा महिन्या-दोन महिन्यांत तयार करता येते.

संगणक शाखेच्या मुलांनी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवून दाखवण्याच्या संकेतस्थळावर, अर्धवट सोडलेल्या डझनभर प्रकल्पांऐवजी एक-दोन चालते प्रकल्प ठेवावेत आणि प्रत्येकासोबत हे कशासाठी केले, कसे चालवायचे आणि अडचण कुठे आली हे साध्या भाषेत लिहावे. गिटहबवर सहा प्रकल्प प्रोफाइलच्या दर्शनी भागात लावता येतात. सहाही जागा भरल्याच पाहिजेत असे नाही. बडोद्याच्या सिटी बसचे मार्ग, विश्वामित्रीचा पूर, गरब्याच्या दिवसांतली वाहतूक असा इथलाच विषय घेतला, तर तो प्रकल्प शिकवणीत करून घेतलेल्या प्रकल्पांच्या गर्दीतून चटकन वेगळा दिसतो आणि मुलाखतीत त्यावर भरभरून बोलताही येते.

यंत्र शाखेच्या मुलाने एखादा साधा सुटा भाग मोजून त्याचे त्रिमितीय मॉडेल आणि टॉलरन्ससह ड्रॉइंग करावे, आणि तो कसा मोजला हे फोटोंसह लिहावे. वाणिज्य शाखेच्या मुलीने काल्पनिक दुकानाच्या एका महिन्याच्या नोंदी टॅलीत करून जीएसटी विवरणापर्यंत नेलेले उदाहरण ठेवावे. ललित कला शाखेच्या विद्यार्थ्यांना पोर्टफोलिओची सवय असते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ही विद्याशाखा १९५० पासून चालू आहे आणि तिथे कामाचे नमुने दाखवणे हा शिक्षणाचाच भाग आहे. त्यांच्यासाठी उणीव वेगळीच असते. बिहान्स या कलाकामाचे नमुने दाखवण्याच्या संकेतस्थळावर अंतिम चित्र तेवढे ठेवतात आणि त्यामागची कच्ची रेखाटने, नाकारलेले पर्याय ठेवत नाहीत. कामाला घेणाऱ्याला तर तीच पाहायची असतात, कारण त्यांतून माणूस विचार कसा करतो ते कळते.

शिवाय शिकाऊ उमेदवारीकडे कमीपणाने पाहू नये. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधर, डिप्लोमाधारक आणि आयटीआय झालेल्यांना विद्यावेतनासह काम शिकता येते आणि जागांची माहिती सरकारी पोर्टलवर मिळते. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि गुजरात सरकारचे अनुबंधम या दोन्ही पोर्टलवर नोंदणी विनामूल्य आहे.

सध्याच्या कंपनीतली ड्रॉइंग किंवा कोड नमुना म्हणून दाखवता येतो का?

नाही. ते काम कंपनीच्या मालकीचे असते, आणि जो एका मालकाचे कागद बाहेर दाखवतो त्याला दुसरा मालक विश्वासाने घेत नाही. तीच पद्धत वापरून स्वतःचे वेगळे उदाहरण तयार करावे.

जाहिरात येण्याआधीच जागा निघणार हे कसे ओळखावे?

जाहिरात आली की त्या जागेसाठी शेकडो अर्ज येतात. जागा निघणार हे कळण्याच्या खुणा मात्र त्याआधी काही आठवडे किंवा महिने उघड्यावर पडलेल्या असतात.

पहिली खूण शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळते. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मोठी ऑर्डर, नवा कारखाना, क्षमतावाढ अशा महत्त्वाच्या घटना बाजाराला ठरावीक मुदतीत कळवाव्या लागतात. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर कंपनीचे नाव घातले की ही निवेदने कोणालाही फुकट वाचता येतात. गुंतवणूकदार ती वाचतात, नोकरी शोधणारे क्वचित वाचतात. बडोद्याच्या परिसरात कारखाने असलेल्या नोंदणीकृत कंपन्यांची यादी करून पंधरवड्यातून एकदा ही पाने चाळावीत. ‘हालोल येथे दुसरे युनिट’ असे वाक्य दिसले, की सहा महिन्यांत तिथे देखभाल, गुणवत्ता, भांडार आणि लेखा या सगळ्या विभागांत माणसे लागणार हे समजावे.

दुसरी खूण निविदांची. गुजरातच्या वीज पारेषण कंपनीचे, म्हणजे गेटकोचे, मुख्यालय बडोद्यातच आहे. उपकेंद्राचे किंवा वाहिनीचे काम ज्या कंत्राटदाराला मिळते त्याला साइट अभियंते लागतात आणि घाईने लागतात.

तिसरी खूण म्हणजे मोठ्या प्रकल्पाभोवतीचे पुरवठादार. सी-२९५ या वाहतूक विमानांच्या जोडणीसाठी टाटा-एअरबसच्या कारखान्याचे उद्घाटन बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ५६ विमानांपैकी ४० इथे बनायची आहेत. सगळ्यांचे डोळे त्या एका प्रवेशद्वाराकडे लागतात, पण अशा उद्योगाला सुटे भाग, जिग (काम करताना भाग धरून ठेवणारी साधने), तपासणी आणि मालवाहतूक पुरवणाऱ्या लहान कंपन्यांतही माणसे लागतात. ज्याने सीएमएमवर (सुट्या भागांची अचूक मापे घेणाऱ्या यंत्रावर) मोजमाप केले आहे आणि एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची प्राथमिक ओळख करून घेतली आहे, त्याने ते आजच प्रोफाइलवर लिहावे.

चौथा मार्ग लहान कारखान्यांचा आहे आणि तो आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. मकरपुऱ्यातल्या पुष्कळ कारखान्यांचे मालक लिंक्डइनवर फिरकत नाहीत, मनुष्यबळ विभाग तर तिथे नसतोच. पण माल विकायचा असल्यामुळे त्यांची उत्पादने इंडियामार्ट या घाऊक खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या कामाशी जुळणारे उत्पादन आणि ‘वडोदरा’ असे शोधले की कोण काय बनवते याची यादी मिळते. इलेक्रामासारख्या मोठ्या विद्युत प्रदर्शनात भाग घेणाऱ्या कंपन्यांची यादीही संकेतस्थळावर असते. इंडियामार्टच्या चौकशीपेटीतून मात्र नोकरी मागू नये, ती ग्राहकांसाठी असते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता आणि ईमेल घ्यावा, किंवा सरळ छापील बायोडेटा घेऊन जाऊन यावे. अशा ठिकाणी मालक स्वतः भेटतो आणि पाच मिनिटांत निर्णय सांगतो.

ओळख नसलेल्या माणसाला संदेश पाठवणे योग्य दिसते का?

नोकरी मागण्यासाठी पाठवला तर बहुधा उत्तर येत नाही. कामाबद्दल नेमका प्रश्न विचारला तर पुष्कळदा येते. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी असे दाखवले की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेही याच दिशेचे होते. अगदी तुटक ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. आपल्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे: दांडिया बाजारातल्या त्याच चार घरांत विचारत राहण्यापेक्षा, दोन वर्षे पुढे असलेला वर्गबंधू, काकांच्या जुन्या कंपनीतला सहकारी, अप्रेंटिसशिपमधला सुपरवायझर यांच्याकडे वळावे.

अशी माणसे शोधण्याची उत्तम जागा म्हणजे लिंक्डइनवरील आपल्या विद्यापीठाचे पान. त्यावरील माजी विद्यार्थ्यांच्या विभागात कंपनी, शहर आणि शाखा यांची चाळणी लावता येते, त्यामुळे एखाद्या कंपनीत एम. एस. युनिव्हर्सिटीचे कोण आहेत ते दोन मिनिटांत कळते.

संदेश कसा असावा, त्याचा हा एक नमुना:

‘नमस्कार सर. मी मकरपुऱ्यात दोन वर्षे वितरण ट्रान्सफॉर्मरच्या रूटीन चाचण्या करतो आहे. आपल्या कंपनीत नवी चाचणी प्रयोगशाळा उभी राहत असल्याचे वाचले. इम्पल्स चाचणीकडे वळायचे असेल तर माझ्यासारख्याने आधी काय शिकून घ्यावे, हे सवडीने सांगाल का?’

यात स्वतःची ओळख एका वाक्यात आहे, समोरच्याच्या कामाची माहिती आहे आणि उत्तर देणे सोपे आहे. बायोडेटा जोडलेला नाही. तो समोरून मागितला जातो तेव्हा त्याला किंमत येते. उत्तर आले तर सांगितलेली गोष्ट खरोखर करावी आणि महिन्याभराने तसे कळवावे. दुसऱ्यांदा आलेला हा संदेश लोक लक्षात ठेवतात. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी आणि तिथेच थांबावे.

कोणत्या भाषेत लिहावे? मराठीचा इथे काही उपयोग आहे का?

प्रोफाइल आणि ईमेल इंग्रजीत, आणि स्थानिक कारखानदाराशी बोलणे गुजरातीत, ही इथली रीत आहे आणि ती पाळावी. मात्र ‘भाषा’ या रकान्यात मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषा वाचता-लिहिता-बोलता येतात की नुसत्या बोलता येतात, ते स्पष्ट लिहावे. बडोद्यातल्या ज्या कंपन्यांचे पुरवठादार किंवा ग्राहक पुणे, नाशिक, मुंबईकडे आहेत, त्यांच्या खरेदी, विक्री आणि सेवा विभागांत मराठी बोलणारा माणूस उपयोगी पडतो. घरात मिळालेली ही भाषा आपली मुले बायोडेट्यावर लिहीतही नाहीत, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

जगावेगळी युक्ती करून लक्ष वेधता येते का?

येते, पण ती युक्ती त्या कामाचाच नमुना असावी लागते. जाहिरात-लेखक अ‍ॅलेक ब्राउनस्टाइन यांनी न्यूयॉर्कमधल्या नामवंत क्रिएटिव्ह डायरेक्टरांच्या नावांवर गुगलच्या जाहिराती विकत घेतल्या. माणसे स्वतःचे नाव गुगलवर शोधून पाहतात, हे त्यांनी हेरले होते. नाव शोधणाऱ्याला वरच त्यांचा संदेश दिसे. एकूण खर्च सहा डॉलर झाला आणि त्यांना नोकरी मिळाली. ही युक्ती चालली, कारण थोड्या पैशांत नेमक्या माणसापर्यंत पोहोचणे हेच जाहिरातवाल्याचे काम आणि ते त्यांनी करून दाखवले. लेखापालाच्या जागेसाठी गाणे म्हणून पाठवलेल्या व्हिडिओतून असे काही सिद्ध होत नाही. लेखापालाने त्या कंपनीच्या प्रसिद्ध ताळेबंदावर दोन पानी टिपण लिहून पाठवले, तर तेच त्याचे वेगळेपण.

परिचयपत्र एआयकडून लिहून घ्यावे का?

शुद्धलेखन आणि इंग्रजी वाक्यरचना तपासून घेण्यास हरकत नाही. संपूर्ण पत्र लिहून घेतले तर ते इतर सर्वांच्या पत्रांसारखे होते आणि कधीकधी न केलेली कामेही त्यात येतात. यंत्राचे नाव, चाचणीचे नाव, रोज किती नग तपासले जात, हा तपशील आपल्यालाच माहीत असतो. तो आपणच लिहावा.

नोकरीत असताना शोध घेतो आहे, हे कंपनीला कळू नये म्हणून काय करावे?

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ (कामासाठी उपलब्ध) ही खूण केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते आणि फोटोभोवतीची हिरवी चौकट टाळता येते. तरी पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन देत नाही. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे, ती वापरावी. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा ईमेल या कामासाठी वापरू नये. नोकरीच्या तारखांत फेरफारही करू नये, कारण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन (सदस्याचा कायम क्रमांक) खात्यात सेवेच्या नोंदी असतात आणि पडताळणीत त्या जुळवून पाहिल्या जातात.

लग्नानंतर महाराष्ट्रातून बडोद्याला आले आणि मध्ये काही वर्षांचा खंड पडला. सुरुवात कुठून करावी?

सर्वांत आधी प्रोफाइलवरचे शहर बदलावे. कित्येक जणींच्या प्रोफाइलवर अजून पुणे किंवा नाशिकच असते, त्यामुळे इथला उमेदवार कोणी शोधला तरी नाव येत नाही. खंड लपवू नये. लिंक्डइनवर २०२२ पासून ‘करिअर ब्रेक’ अशी स्वतंत्र नोंद करता येते. त्या काळात शिकवण्या घेतल्या, घरच्या व्यवसायाचे हिशेब पाहिले, एखादा अभ्यासक्रम केला, तर तेही तिथेच लिहावे. जुन्या वरिष्ठांपैकी दोघांकडून लिंक्डइनवर शिफारस लिहून घ्यावी. विचारायला संकोच वाटतो, पण चांगले काम केलेल्या सहकाऱ्यासाठी चार ओळी लिहायला लोक आनंदाने तयार होतात. घरून करण्याजोग्या कामांत मराठी ग्राहकसेवा, अनुवाद आणि मराठी मजकूर तपासणे यांचाही विचार करावा.

ऑनलाइन आलेली नोकरी खरी की फसवी, हे कसे ओळखावे?

नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागितले की तिथेच थांबावे. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे ‘टास्क’ देऊन सुरुवातीला थोडे पैसे खात्यात टाकणारे पुढे मोठी रक्कम भरायला लावतात. आपले बँक खाते ‘कंपनीच्या व्यवहारासाठी’ वापरू देण्याचे काम तर कधीच स्वीकारू नये, कारण त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस आपल्याच दारात येतात. परदेशातल्या डेटा एंट्रीच्या कामाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या तळांवर डांबून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशी नोकरीसाठी एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी पाहावे.

पत्र खरे वाटले तरी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दूरध्वनी क्रमांक घेऊन, पत्रातला नव्हे, तिथे फोन करून खात्री करून घ्यावी. पैसे गेलेच तर लाजेपायी गप्प राहू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी; पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाइल आणि गप्पांचे स्क्रीनशॉट जवळ ठेवावेत आणि चॅट पुसून टाकू नये.